काढलेला पोचा

पातळ पत्र्याचं नळकांडं वरून दाबलं तर ते किती वजनाला चेपतं, या एकाच प्रश्नात माझी विद्यापीठातली तीन वर्षं गेली. आष्टीला माझे मामा धान्याच्या पत्र्याच्या कोठ्या बनवतात, म्हणून प्रयोगाची नळकांडी त्यांच्याकडूनच करून घेतली. हात सफाईदार, शिवाय घरचं माणूस.

एकाच पत्र्याची, एकाच मापाची सहा नळकांडी. चार गणिताशी जुळली, दोन निम्म्या वजनालाच मटकन बसली. याचं कारण सापडल्याशिवाय प्रबंध पुढं सरकणार नाही, असं सरांनी स्पष्ट सांगितलं. मला रडू यायचं आणि रागही यायचा, बहुतेक वेळा नळकांडी दाबणाऱ्या त्या बिचाऱ्या मशीनचा.

शेवटी आष्टी गाठली आणि मामांना सरळच विचारलं, त्या दोन नळकांड्यांचं काय वेगळं केलंत. काहीच वेगळं केलं नाही, असं ते आधी म्हणाले. चहा संपल्यावर मात्र त्यांनी कबूल केलं, की वाकवताना दोन्हींना पोचे पडले होते आणि ते त्यांनी लाकडी हातोडीनं ठोकून काढले.

"तुज्या कालेजात जायचं व्हतं माय," ते म्हणाले, "पोचा कसा ठिवू?"

मी कपाळावर हात मारून घेतला. ठोकलेल्या जागी पत्रा ताणला जाऊन ढिला पडला होता. दिसायला सपाट, माझ्याही डोळ्यांना.

मी त्यांना आणखी एक नळकांडं करायला सांगितलं. पोचा पाडा, नेहमीसारखा काढा, पण त्या जागी खडूनं गोल करा. आयुष्यभर पोचे लपवलेल्या माणसाला ते फार जड गेलं. तरी आठवड्यानं ते स्वतः एसटीनं आले, नळकांडं गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन.

खडूच्या गोलातला ढिलेपणा मोजून मी नवं गणित मांडलं. मामांना शेजारी उभं करून मशीन सुरू केलं. आकडा माझ्या गणिताजवळ आला आणि नळकांडं खट्कन चेपलं, बरोबर त्या गोलात. सर म्हणाले, आता लिहायला बसा. मला इतका आनंद झाला की मी मामांचा हातच धरला.

त्यांचं लक्ष नळकांड्याला पडलेल्या पोच्याकडं होतं. माझ्या कानाशी वाकून त्यांनी हळूच विचारलं, "आता तरी काढू का?"