दांड्यावरून उडालेलं पातं

लाकडाच्या वखारीत बावीस वर्षं कुऱ्हाडींना दांडे बसवणाऱ्या मिस्त्रीच्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला होता. कामात मात्र बोट ठेवायला जागा नाही. दांड्याचं लाकूड वर्षभर सुकवायचं, पात्याच्या नेढ्यात ठोकून बसवायचं आणि वरून पाचर मारायची. घावांनी पातं थोडं ढिलं झालंच, तर नवी पाचर मारायला पाच मिनिटं पुरत. पण कुऱ्हाड त्याच्याकडे न्यायची म्हणजे आधी चारचौघांत पाणउतारा करून घ्यायचा. 'हात आहेत की खराटे' इथून सुरुवात करून तो समोरच्याच्या बापापर्यंत पोचायचा. खरं सांगायचं तर असल्या माणसाची कुणाला दया येऊ नये.

त्याचा धाकटा भाऊ त्याच वखारीत ओंडके फोडायचा. आईच्या शेवटच्या आजारपणात कोण किती राबलं यावरून बिनसलं, आणि ती गेल्यापासून दोघांत विस्तव जात नव्हता.

मंगळवारी सकाळी धाकट्याने कुऱ्हाड उगारली आणि पातं दांडा सोडून सुटलं. ते ट्रकपाशी उभ्या असलेल्या ड्रायव्हरच्या खांद्यात घुसलं. जीव वाचला, पण हात पूर्वीसारखा चालेल की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येईना.

दुपारी मॅनेजरने सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. हा पूर्वी शाळेत इंग्रजी शिकवायचा आणि ती खोड काही गेली नव्हती. इंग्रजीत माणूस भडकला की 'तो दांड्यावरून उडाला' म्हणतात, असं त्याने सांगितलं. जुन्या काळी जंगल तोडून वस्ती करणारे लोक दांडे घरीच तासत. ते धड बसत नसत, ऐन घावाला पातं सुटायचं आणि कुणाला लागेल याचा नेम नसायचा. ताबा सुटलेल्या माणसाचंही तेच, म्हणून तसं बोलणं रूढ झालं. "आपल्याकडे दोन्ही एकाच माणसाकडून मिळतं," म्हणत त्याने मिस्त्रीकडे पाहिलं.

लोक हसले. बावीस वर्षांचं उट्टं काढायची संधी कोण सोडणार? ज्याचं डोकं ठिकाणावर नाही त्याच्या हातचे दांडे नकोत, त्याला घरी बसवा, असं दोघंतिघं बोललेही.

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नोकरी गेली असती तरी चाललं असतं, पण आपलं काम खोटं ठरतंय हे त्याला झोंबलं. त्याने तो रिकामा दांडा उचलला, टोकावरून बोट फिरवलं आणि मॅनेजरपुढे टेबलावर आपटला. पाचर जागेवर आहे, तो म्हणाला, पण लाकूड फुगून पुन्हा आकसलंय. ढिली कुऱ्हाड कुणीतरी बादलीत भिजत ठेवली होती. पाण्याने लाकूड फुगतं, पातं दोन दिवस घट्ट बसतं आणि सुकलं की पहिल्यापेक्षा सैल होतं. मॅनेजरने वाकून पाहिलं. पाण्याचा डाग स्पष्ट होता.

"कुणी भिजवली?"

"मी," धाकटा म्हणाला.

मिस्त्री जिंकला होता आणि त्याला ते पुरेपूर वसूल करायचं होतं. तो भावाच्या अंगावर धावून गेला. "वीस पावलांवर बसतो मी. आणायला काय पाय मोडले होते?"

"आणली होती, शुक्रवारी." धाकट्याने आवाज चढवला नाही. "तू मान वर न करता म्हणालास, आईला खाल्लंस, आता कुऱ्हाड खायला आलास का. मी तसाच मागे फिरलो."

मिस्त्रीला तो शुक्रवार आठवेना. असलं काहीतरी तो रोजच कुणाला तरी बोलायचा.

मग मॅनेजरने विचारलं, आणखी कुणी कुऱ्हाड भिजवतं का? आधी एक हात वर झाला, मग शेजारचा. बारा जणांपैकी दहा जणांचे हात वर होते, आणि त्यातले काही तर गेली कित्येक वर्षं भिजवत होते.

मिस्त्री त्या हातांकडे बघत राहिला. सगळ्या कुऱ्हाडी माझ्याकडे द्या, आत्ताच्या आत्ता नीट करून देतो, असं त्याला सांगायचं होतं. मनापासून सांगायचं होतं. तोंडातून निघालं ते असं, "आणा इकडे, नालायकांनो."

कुणीही जागचं हललं नाही.