सावकाश आणि शंभर डबे

किस्से कोणी ठरवून जमवत नाही, ते साचतात. तीर्थपुरीच्या आमच्या कॉलेजात मी बारा वर्षं कॉम्प्युटर लॅब सांभाळते. कुलपं, वायरी आणि हजेरी एवढंच माझं काम. पण कान उघडे ठेवले की बाकीचं आपोआप जमा होत जातं. माझ्याकडचा निम्मा साठा एकट्या 'सावकाश'चा आहे.

सावकाश म्हणजे आमच्या गायकवाड सरांनी स्वतः लिहिलेला खोटा कॉम्प्युटर. खोटा, कारण तो फक्त पडद्यावर असतो. प्रोसेसर आतून कसा चालतो ते मुलांना कळावं म्हणून बनवलेला. पडद्यावर शंभर डबे, प्रत्येकात एक आकडा. बाजूला एक खिसा, त्यात एका वेळी एकच आकडा मावतो. आणि एक पिवळा ठिपका. तो एका डब्यापाशी जातो, आतला आकडा वाचतो, त्यात सांगितलेलं काम करतो आणि पुढच्या डब्याकडे निघतो. सरांनी त्याला भारदस्त इंग्रजी नाव दिलं होतं. मुलांनी पहिल्याच दिवशी त्याची चाल बघितली आणि 'सावकाश' ठेवलं. ते इंग्रजी नाव आता सरांनाही आठवत नाही.

*

एकदा प्राचार्य लॅबमध्ये आले. पडद्यावर ठिपका सात हा आकडा घेऊन चालला होता. हे काय करतं, असं त्यांनी विचारलं. सर म्हणाले, बेरीज. किती वेळ लागतो? सर जरा चाचरले आणि म्हणाले, दीड मिनिट.

आता लॅबचं काही खरं नाही, असं मला वाटलं. प्राचार्य हात मागे बांधून उभे राहिले. बाहेर उसाच्या ट्रॉल्या गेल्या, तासाची घंटा झाली, त्यांचा फोन दोनदा वाजून थांबला. शेवटी पडद्यावर बारा उमटले.

"बरोबर आली," प्राचार्य म्हणाले आणि निघून गेले!

*

वाटूरचा वैजिनाथ मात्र रोज कटकट करायचा. "सर, याला जरा फास्ट करा की. आमचं ट्रॅक्टर पण याच्यापेक्षा जल्दी चालतंय."

सर म्हणाले, "खरा प्रोसेसर हेच करतो, पण इतक्या जल्दी की तुला काही दिसतच नाही. हा तुला दिसावा म्हणून हळू चालतो."

त्या दुपारी सरांनी सात गुणिले आठ करायला सांगितलं. सावकाशला गुणाकार येत नाही, फक्त बेरीज आणि वजाबाकी येते. म्हणजे आठ वेळा सात मिळवायचे आणि प्रत्येक वेळी आठातला एक कमी करायचा. ठिपक्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. सात, चौदा, एकवीस. पंखा फिरत होता, खिडकीबाहेर ज्वारी हलत होती. पस्तीसच्या सुमाराला लॅबमध्ये कोणी बोलेना. मला तर वाटायला लागलं, आपल्याही डोक्यात असाच कोणीतरी पिवळा हळूहळू चालत असेल, एकेक डबा उघडून बघत असेल, आणि आपण उगाच त्याच्यावर चिडतो.

तेवढ्यात मागच्या बाकावर कोणीतरी मोबाईल वाजवला. वैजिनाथ वळून म्हणाला, "ए, गप. बेचाळीसवर आलाय तो."

*

या वर्गात संगीता होती. वय पस्तीस, सगळे तिला ताई म्हणायचे. नवरा अंकुशनगरला कारखान्यात फिटर. मुलगी शाळेत गेली की ती बस पकडून कॉलेजला यायची. तिला सगळं यायचं. अडचण एकच होती. मागे परीक्षक उभा राहिला की तिचे हात गार पडायचे. या एका प्रॅक्टिकलमध्ये ती दोनदा नापास झाली होती आणि नियमाप्रमाणे ही तिसरी खेप शेवटची. या वेळी गेलं तर पदवी गेली. वाटूरला तिच्या आईनं जन्मभर दुसऱ्यांच्या रानात खुरपणी केली. त्या आईनं पदवीच्या फोटोसाठी भिंतीत आधीच खिळा ठोकून ठेवला होता. हे संगीतानं मला डबा खाताना सांगितलं आणि लगेच विषय बदलला.

एकदा लाईट गेली. सरांनी सगळ्यांना बाहेर लिंबाखाली नेलं आणि कागद वाटून मुलांचेच डबे केले. वैजिनाथ ठिपका, संगीता खिसा. वैजिनाथनं तिला एक आकडा आणून दिला, मग दुसरा. नवा आला की जुना सोडायचा, हा नियम. ही दोन्ही कागद मुठीत धरून उभी!

सर म्हणाले, "ताई, खिशात एकच मावतो."

"बाईच्या हातात कधी एकच काम असतंय का सर?"



*

मग परीक्षा आली. बाहेरून आलेले परीक्षक कडक होते, एकाही मुलाशी हसले नाहीत. संगीताला त्यांनी तीन आकडे दिले, सहाशे, पंचेचाळीस आणि बारा. बेरीज करून दाखवा, म्हणाले आणि नेमके तिच्या मागे उभे राहिले. मी दाराशी उभी होते. माझेच हात गार पडले होते.

तिनं टाइप केलं. चार डब्यांत चार हुकूम, तेही आकड्यांतच लिहायचे, आणि लगेच पुढच्या तीन डब्यांत तीन आकडे. बाकीची मुलं आकडे लांबच्या डब्यात ठेवतात. हिला जागा वाया घालवायची सवयच नाही. ठिपका निघाला. थोड्या वेळानं पडद्यावर सहाशे सत्तावन्न उमटलं. माझा जीव भांड्यात पडला.

पण ठिपका थांबेना. तो परत पहिल्या डब्यापाशी गेला. परत सगळं केलं, परत सहाशे सत्तावन्न. मग तिसऱ्यांदा.

परीक्षक सरांना म्हणाले, "तुमचं सॉफ्टवेअर बिघडलेलं दिसतंय. असू द्या, बाईंचं उत्तर बरोबर आहे." त्यांनी कागदावर पस्तीस लिहिले. पन्नासपैकी पस्तीस म्हणजे पास. चूक सॉफ्टवेअरची नाही, हे संगीताच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी मनातल्या मनात म्हटलं, संगीता, आता गप बस. गायकवाड सर खाली मान घालून उभे होते. त्यांनाही चूक दिसली होती, पण आळ त्यांनी आपल्या सॉफ्टवेअरवरच राहू दिला.

संगीता उठून उभी राहिली.

"मशीन बराबर आहे सर. चूक माझी आहे."

तिनं पडद्यावर बोट ठेवलं.

"शेवटी 'थांब' लिहायचं राह्यलं माझं. मंग ठिपका पुढं गेला. पुढच्या डब्यात तुमचे सहाशे आहेत. माझ्यासाठी तो आकडा आहे, पण त्याला आकडा न् हुकूम यातला फरक कळत न्हाई. सहाशे म्हणजे त्याला पहिल्या डब्याकडं परत जा, असा हुकूम. तो बिचारा ऐकून राह्यला."

परीक्षकांनी स्टूल ओढलं आणि ते पडद्यासमोर बसले. ठिपका सहाशेच्या डब्यापाशी आला, वाचलं आणि परत फिरला. त्यांनी पेन काढलं, पस्तीसवर काट मारली. मी डोळे मिटले. उघडून बघितलं तर तिथं एकोणपन्नास लिहिलं होतं.

संगीतानं कीबोर्डकडे हात नेला. "सर, बंद करू का?"

"नको," परीक्षक म्हणाले. "अजून एक फेरी बघू."