विजयाबाईंच्या नावाचं ऑर्किड

लखनौच्या एका वनस्पती-संग्रहात फुलं दाबून वाळवणाऱ्या हरिहर पळसुल्यांना १९९४ साली हिमालयाच्या पायथ्याच्या तराईत एक नवं रानटी ऑर्किड सापडलं. त्याला त्यांनी मोठ्या प्रेमानं बायकोचं नाव दिलं. नव्या जातीचं वर्णन तेव्हा लॅटिनमध्येच छापावं लागे. छापील लेख हातात आल्यावर विजयाबाई म्हणाल्या, "मराठीत सांगा की."

हरिहरराव खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. "खोड आखूड, बुडाशी फुगीर. फुलाला सडक्या मासळीचा वास."

"नाव बदला."

"एकदा छापलं की बदलता येत नाही. नियम आहे."

"मग वास तरी खोडा."

"वास खोडला तर लोक ओळखणार कशावरून?"

तिसऱ्या दिवशी विजयाबाईंनी इंदिरा नगरातल्या शेजाऱ्यांना पेढ्यांबरोबर लेखाच्या झेरॉक्स वाटल्या आणि नवऱ्याला बजावलं, "मिश्रा भाभींनी अर्थ विचारला, तर तुम्हाला लॅटिन येत नाही."