दुसरी चूल

माझ्या सासूबाईंना गल्लीत सगळे ‘लखलखबाई’ म्हणतात आणि त्यांना ते कौतुक वाटतं. हॉस्पिटलात त्यांनी जन्मभर कात्र्या-चिमटे धुतले. निवृत्त झाल्यावर तोच हात घरातल्या भांड्यांवर फिरायला लागला. भांड्यात तोंड दिसलं नाही तर मला पुन्हा घासायला लावायच्या. दिसलं, की माझं तोंड किती आंबट आहे ते सांगायच्या.

मी इलेक्ट्रिक ग्रिल आणून ओट्यावर ठेवला, तेव्हा त्यांनी आधी वायरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“घरात शेगडी असताना दुसरी चूल मांडलीस?”

“आई, ब्रेड भाजायला आणलाय. सकाळी डब्याची घाई होते.”

“आज चूल वेगळी, उद्या घर वेगळं. मला नको शिकवूस.”

माझ्या मनात तसलं काहीच नव्हतं. पण त्यांच्या डोक्यात एकदा शिरलं की संपलं. नवरा म्हणाला, “दोघी जरा दमानं घ्या,” आणि मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसला.

ग्रिलला मी जपायची. प्लग काढायचा, कोमट होऊ द्यायचा, ओल्या मऊ फडक्याने पुसायचा. प्लेटांवरचा काळा थर खरवडायचा नाही, त्याच्यामुळेच ब्रेड चिकटत नाही. हे त्यांना सांगितलंही होतं. त्यांनी कानाआड केलं.

एके संध्याकाळी कामावरून आले, तर सासूबाई ओट्यापाशी लढाई जिंकल्यासारख्या उभ्या. हातात झिजून चपटी झालेली तारेची घासणी. ग्रिलच्या दोन्ही प्लेटा पांढऱ्याफटक.

“केवढी काजळी साठवली होतीस! सबंध दुपार घासली तेव्हा निघाली.”

माझं डोकंच फिरलं. “काजळी नव्हती ती!”

“मग काय, डांबर होतं?”

मी त्यांच्यासमोरच ब्रेड लावला. झाकण उचललं तसा तो फाटला. अर्धा वर चिकटला, अर्धा खाली. सासूबाई बघत राहिल्या. ‘चुकलं’ एवढं म्हणाल्या असत्या, तर मी सगळं गिळलं असतं.

त्या म्हणाल्या, “बरं झालं. आता एकच चूल.”

त्या रात्री नवऱ्याने पहिल्यांदा मोबाइल खाली ठेवला. महिन्याभरात आम्ही भाड्याची खोली घेतली.

निघताना सासूबाई दारात आल्या आणि माझ्या हातात कोरी तारेची घासणी ठेवली. “मांडलीस ना वेगळी चूल? लागेल.”

“तुम्हीच मांडून दिलीत, आई,” मी म्हणाले आणि घासणी परत त्यांच्या हातात कोंबली.

पण त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्या जिन्याकडे बघत होत्या. ग्रिल काखोटीला मारून त्यांचा मुलगा केव्हाच खाली उतरला होता.