जाळं ओढ, असं मी सांगितलं

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आमच्या दांडी गावात आजही लोक म्हणतात, धाकट्या भावाला मीच बोलतं केलं. ते खरं नाही.

पक्षाघातानंतर त्याला पापणीही मनासारखी हलवता येईना. त्याला काही समजतं की नाही, कोणालाच कळत नव्हतं. बोईसरच्या एका दवाखान्यात मुंबईच्या डॉक्टरीणबाई यंत्र घेऊन आल्या. डोक्यावर तारांची टोपी घालायची. त्याने उजवी मूठ आवळल्याचा नुसता विचार केला, की यंत्र तो मेंदूतून टिपणार आणि पडद्यावर ‘हो’ उमटणार. डाव्या मुठीला ‘नाही’. बाई हिंदीत समजावत होत्या. मी म्हटलं, मी आमच्या भाषेत सांगतो. जन्म होडीवर गेलेल्या माणसाला मूठ काय सांगायची? त्याच्या कानाशी म्हणालो, “हो म्हनायचं तर जालं वढतोस असं मनात आन.”

पाच वेळा करून पाहिलं, पडदा कोराच. बाईंनी विचारलं, यांना समजतं असं तुम्हाला वाटतं का? त्याच्या उशाशी उभा राहून मी म्हणालो, “नाय. त्याला आता काय कलत नाय.”

त्यानंतर घरात त्याच्यादेखत त्याच्या मरणाची बोलणी होऊ लागली. सुरुवात माझीच.

भावजय मात्र मासळी विकून आली की रोज त्याला बाजारातलं सांगत बसे. मी तिची थट्टा करायचो. वर्षभराने बाई पुन्हा आल्याचं कळताच तिने टेम्पो ठरवला. वाटेत मला खोदून विचारलं, तेव्हा त्याला नेमकं काय सांगितलं होतं? ऐकून म्हणाली, “दादा, जालं कदी एका हातानं वढतात काय?”

यंत्र एका हाताचा विचार शोधत होतं, आणि हा इमानाने दोन्ही हातांनी ओढत होता. तिने त्याला सांगितलं, हो असेल तर उजव्या हाताने सुकाणू धर, नाही असेल तर डाव्याने. तिसऱ्या खेपेला ‘हो’ उमटलं.

मग तिने विचारलं, “वरीसभर आमचं सगलं ऐकलंस?”

हो.

गावात ही गोष्ट मीच सांगत फिरलो, तिला वगळून.

तो पुढे दोन वर्षं जगला. दर आठवड्याला मी ठरवून जायचो, आणि पंखा लावू का, एवढंच विचारून परतायचो. म्हणायचं होतं ते इतकंच: “तुज्या उशाशी बोललो ते खोटं व्हतं. तुला कलत व्हतं, चूक माजी व्हती. माफ कर.”