कच्च्या मातीचा वड

संभाजीनगरात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही. भांडी घासतानाही हात आखडतो. आणि त्या दिवशी माझ्या वडावर तांब्यावर तांबे ओतले होते! अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

गच्चीवरच्या खोलीत मी मातीची झाडं घडवते. रुईची बोंडं, निवडुंग, वाळलेल्या शेंगा. घरच्यांच्या लेखी हा ‘तिचा चिखल’. त्या उन्हाळ्यात वडाचं खोड करायला घेतलं होतं, कमरेएवढं. कॉलनीच्या कोपऱ्यावरचा जुना वड रस्ता रुंद करायला पाडणार असं कळलं, तेव्हा आदल्या संध्याकाळी मी ओल्या मातीच्या जाड पोळ्या नेऊन त्याच्या सालीवर दाबल्या. साल जशीच्या तशी उमटली, मुंग्यांच्या वाटेसकट. त्या पोळ्या जोडून खोड उभं केलं, पारंब्या वळल्या आणि सावलीत वाळत ठेवलं. आता फक्त भट्टीत भाजायचं राहिलं होतं.

वटपौर्णिमेला मी झिलईच्या पावडरीचं पार्सल आणायला स्टँडवर गेले. परत येते तो खोलीबाहेर चपला. आत सासूबाई आणि शेजारच्या दोघी, नटूनथटून. माझ्या वडाला सूत गुंडाळलेलं, हळदीकुंकू वाहिलेलं, पुढं आंबे. आणि पाणी. न भाजलेली माती ती, पाणी लागलं की विरघळते. पारंब्या गळून पडल्या होत्या, खोड खाली बसलं होतं. फळीवरून चिखलाचे ओघळ जमिनीवर आले होते.

“अगं, उन्हात कुठं वड धुंडत फिरायचं? कोपऱ्यावरचा तर राह्यला नाय. म्हणलं, घरात आयता हाय,” सासूबाई म्हणाल्या. “लई प्रसन्न वाटलं बघ.”

“पुढच्या वर्षी जरा मोठा कर,” एक शेजारीण म्हणाली. “फेरे घालायला बरं पडंल.”

माझा तोल सुटला. सण पाहिला नाही, सवाष्णी पाहिल्या नाहीत, तोंडाला येईल ते बोलले. दोघींनी ताटं उचलली आणि काढता पाय घेतला. सासूबाई हलल्या नाहीत.

“एवढं काय त्यात? मातीच हाय, परत कर.”

“आता कुठून करू? ही त्याच वडाची साल होती. कोपऱ्यावरच्या.”

त्या वाकून चिखलात बोटं फिरवू लागल्या. या कॉलनीत आल्यापासून दरवर्षी त्यांनी त्याच वडाला फेरे घातले होते. आणि तो पाडला त्या दिवशी त्यांची तक्रार एवढीच होती, की मशीनच्या आवाजानं दुपारची झोप मोडली.

“मग आधी सांगायचं नाय का, हा तोच हाय म्हणून?” त्या हळूच म्हणाल्या. “म्या पाणी घातलं नसतं.”

“आणि खरा वड पाडत होते, तेव्हा तुम्हाला कुणी सांगायला हवं होतं?”