अप्पांच्या गाडीचा गंज

गंज रंगवणं ही माझी खासियत. गाड्यांची छोटी मॉडेलं बनवणाऱ्या आमच्या मंडळात कुणाची गाडी फारच कोरी दिसायला लागली की ती माझ्याकडे येते. चकचकीत गाडी कुणीही रंगवेल, असं आम्ही नाक वर करून म्हणतो. खरी कला गाडी जुनी करण्यात. आधी सगळ्या अंगाला तपकिरी-नारिंगी गंजाचा थर द्यायचा, त्यावर केसांना मारतात तो स्प्रे, त्यावर गाडीचा रंग. रंग वाळला की ओल्या ब्रशने जागोजागी खरवडायचं. पोपडे निघतात आणि खालचा गंज डोकावतो. पन्नाशीला आलेली बाई रविवारी बाल्कनीत बसून हे उद्योग करते, याचं घरच्यांना आता काही वाटत नाही.

अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, हस्तिदंती रंगाची अँबॅसडर होती. इथे कानडी मुलखात, शिवाजीनगरात आमचं कापडाचं दुकान. दुकानात नोकर होते, पण गाडीला हात फक्त अप्पांचा. रोज सकाळी ती पुसायची, पावसातून आली की आधी ती कोरडी करायची, मग स्वतःचं डोकं. आम्हा भावंडांना चपला झटकल्याशिवाय आत पाय टाकू देत नसत. दसऱ्याच्या आयुधपूजेला सगळी गल्ली आपापल्या गाडीसमोर कोहळा फोडायची. बंपरवर शिंतोडे नकोत म्हणून अप्पा तो इतका लांब नेऊन फोडायचे की आई विचारायची, पूजा आपल्या गाडीची चाललीय की शेजाऱ्यांच्या? पुढे त्यांच्या गुडघ्यांनी क्लच दाबवेना, तेव्हा आनेकलच्या एका गृहस्थांना त्यांनी ती विकली. ते न्यायला आले त्या सकाळीही धुऊन-पुसून दिली. त्या गाडीवर गंजाचा ठिपका मी कधी पाहिला नाही.

गेल्या वर्षी मी ती गाडी बनवायला घेतली. अँबॅसडरचं किट सहजी मिळत नाही. मूळ गाडी विलायतेतली. तिकडे ते मॉडेल मागे पडलं, पण त्याचे साचे इकडे आले आणि आपल्याकडे ती पुढे कित्येक दशकं रस्त्यावर राहिली, लग्नाच्या वरातीपासून मंत्र्यांच्या ताफ्यापर्यंत. तेव्हा तिच्या विलायती बहिणीचं किट मागवून, पुढची जाळी घासून-तासून मी तिची अँबॅसडर केली. बारीकसारीक गोष्टी विचारायला मी भावाकडे राहणाऱ्या अप्पांना फोन करायचे.

"अप्पा, सीटचा रंग?"

"मरून. आणि माझ्या सीटच्या पाठीला टॉवेल असायचा, तो घाल हं."

मग त्यांचेच फोन यायला लागले. मागच्या काचेला पडदा होता, स्वल्प निळसर. डावीकडचा आरसा नंतर बसवलेला. घरी येईल त्याला ते सांगत, "धाकटी माझी गाडी परत बनवतेय." त्यांना ती एकदा डोळ्यांनी पाहायची होती. एवढंच हवं होतं त्यांना, आणि मला ते चांगलं ठाऊक होतं.

पण हेब्बाळच्या एका हॉलमध्ये प्रदर्शन होतं आणि तिथे स्पर्धा होती. रंग द्यायची वेळ आली तेव्हा मला वाटलं, घरच्या घरी पुसलेली हस्तिदंती अँबॅसडर कोण बघणार? परीक्षक दोन पावलं पुढे जातील. मी गंजाची बाटली उघडली. एका टायरमधली हवा गेलेली दाखवली, बॉनेटखालून वेल काढला, चाकांभोवती गवत लावलं. काचेवरची धूळ तर अशी जमली की मी स्वतःवरच खूश झाले. नंबरप्लेट मात्र खरी, अप्पांच्या गाडीची. तपशिलात चूक चालत नाही ना माझी. मॉडेलसोबत दोन ओळींची गोष्ट लिहिलेलं कार्ड ठेवावं लागतं. परीक्षकांना गोष्ट आवडते. मी इंग्रजीत लिहिलं : मालकाने टाकून दिलेली गाडी.

अप्पांना काय वाटेल, हा विचार मनात आला आणि मी तो बाजूला सारला असं नाही. आलाच नाही. याचीच मला जास्त लाज वाटते.

प्रदर्शनाला भाऊ त्यांना घेऊन आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस नीट विंचरलेले. ते टेबलांवरून सावकाश बघत येत होते, जीप, डबल डेकर, जुने ट्रक, सगळ्यांचं कौतुक करत. माझ्या टेबलाशी आले तेव्हाही चेहऱ्यावर तेच कौतुक होतं. मग त्यांनी वाकून नंबर वाचला. कार्ड वाचलं. पुन्हा नंबर वाचला. हे तंत्र असतं अप्पा, असं काहीतरी मी पुटपुटले. त्यांनी काचेतून आत बघितलं.

"टॉवेल घातलास," ते म्हणाले.

तो मी बुरशी लागलेला रंगवला होता.

तेवढ्यात परीक्षक आले. मध्यमवयीन, अगत्याचे गृहस्थ. बराच वेळ बघत राहिले आणि कन्नडमध्ये म्हणाले, फार खरं वाटतं. कुठे पाहिलीत ही गाडी? माहितीतल्या कुणाची का? मी उत्तर जुळवत होते. खरं सांगितलं तर कार्डावरची गोष्ट खोटी ठरली असती, आणि खोटं अप्पांच्या देखत बोलवेना.

"माझी, सर," अप्पा म्हणाले. कन्नडमध्येच, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलायचे त्या मऊ आवाजात. "तो मालक मीच. शेवटी शेवटी लक्षच दिलं नाही बघा मी. तशीच सोडली."

परीक्षकांनी त्यांच्याकडे जरा वाईट वाटून पाहिलं, मान हलवली, आणि मला म्हणाले, म्हणूनच एवढं जिवंत झालंय. हातातल्या कागदावर काहीतरी लिहून ते पुढच्या टेबलाकडे गेले. त्यांना हाक मारून थांबवायला मला एक शब्द पुरला असता. मी तो उच्चारला नाही.

अप्पा माझ्याजवळ सरकले. हळू आवाजात, मराठीत, जरा काळजीनेच त्यांनी विचारलं, "सरी बोललो ना गं मी, बरोबर? मार्क नाहीत ना कापणार तुझे?"